छावणीबाहेरची माणसे

वरोरा शहराजवळचे आनंदवन, म्हणजे कुष्ठरुग्णांची वसाहत, ही ख्रिस्ती संस्था नाही आणि तिचे संस्थापक मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे हेही ख्रिस्ती नव्हते. तरीसुद्धा बायबलमधील कुष्ठरुग्णांच्या कथांचा रोजच्या जगण्याशी काय संबंध आहे, हे मराठी वाचकाला जितके येथे उलगडते तितके क्वचितच अन्यत्र उलगडत असेल. प्रवचनांतून या कथा बहुधा चमत्कारकथा म्हणून सांगितल्या जातात. वस्तुतः रोग बरा होणे हा त्यांचा निम्माच भाग आहे. उरलेला निम्मा भाग त्या माणसाने राहायचे कोठे आणि कोणाबरोबर, या प्रश्नाचा आहे.

या प्रश्नाचे मूळ जुन्या करारातील ‘लेवीय’ या पुस्तकाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांत आहे. याजकाने, म्हणजे धर्मविधी करणाऱ्या पुरोहिताने, त्वचेवरील चट्टा तपासून निर्णय द्यावा आणि अशुद्ध ठरलेल्या माणसाने फाटके कपडे घालून, ओठ झाकून, आपण अशुद्ध असल्याचे ओरडून सांगत वस्तीच्या छावणीबाहेर एकटे राहावे, असा तेथील नियम होता. त्याच अध्यायांत कपड्यांवरच्या आणि घरांच्या भिंतींवरच्या चट्ट्यांचाही विचार असल्यामुळे, आज ज्याला कुष्ठरोग म्हणतात तोच आजार तेथे अभिप्रेत होता असे मानता येत नाही. ख्रिस्ती युरोपने मात्र हा नियम पुढे शतकानुशतके कुष्ठरुग्णांना लावला.

या पार्श्वभूमीवर नव्या करारातील मार्ककृत शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, पहिल्या अध्यायातील प्रसंग वाचला म्हणजे त्यातील धैर्य ध्यानात येते. कुष्ठी माणूस गुडघे टेकून विनवणी करतो आणि येशू त्याला बरे करण्याआधी हात लावतो. पुढे तो त्याला याजकाकडे जाण्यास सांगतो, कारण समाजात परतण्याची अनुमती तेथूनच मिळत असे. तो माणूस मात्र झालेली गोष्ट सर्वत्र सांगत सुटतो, आणि परिणामी येशूलाच नगरात उघडपणे जाता येईनासे होऊन ओसाड जागी राहावे लागते. बाहेरचा आत आला आणि ज्याने त्याला आत आणले तो बाहेर गेला, ही अदलाबदल मार्कने एका वाक्यात उरकली आहे. वाचकाने तेथे जास्त वेळ थांबायला हवे.

बाबा आमटे वरोऱ्यात वकिली करीत होते आणि तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. पावसात भिजत पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरुग्णाला पाहून ते प्रथम भीतीने पळाले, मग त्या भीतीचीच लाज वाटून परत गेले आणि त्यांनी त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वाचला नाही. म्हणजे शुभवर्तमानातील कथेचा चमत्काराचा भाग येथे घडलाच नाही. दुसरा भाग मात्र घडला. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली, आणि गावात मान असलेला वकील पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या पुंजीनिशी गावाबाहेरच्या खडकाळ जमिनीवर राहायला गेला. विहीर खणणे, शेती करणे, घरे बांधणे ही कामे रुग्णांनीच केली, कारण भिक्षेवर जगणाऱ्याची प्रतिष्ठा परत येत नाही, ती श्रमाने येते, ही बाबांची धारणा होती. १९६४ मध्ये आनंदवनात महाविद्यालय सुरू झाले, आणि ज्या जागेपासून गाव दूर राहत होते तेथेच गावची मुले शिकायला येऊ लागली. याजकाच्या अनुमतीचे काम येथे महाविद्यालयाने केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरुग्ण दूर उभे राहून हाक मारतात आणि बरे झाल्यावर एकटा शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी तुच्छ मानलेल्या समाजातला माणूस, आभार मानायला परततो. प्रवचनकार कृतज्ञतेवर भर देतात, ते योग्यच आहे. पण यहुदी व शोमरोनी एरवी एकमेकांना टाळत असताना ते या टोळीत एकत्र कसे, हा प्रश्न सहसा निसटतो. सर्वांनाच बाहेर काढले गेल्यावर आतला भेद टिकला नाही, हे त्याचे उत्तर दिसते. आनंदवनातही निरनिराळ्या जातिधर्मांची माणसे एकत्र राहिली. याउलट, जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील अरामी सेनापती नामान कुष्ठी असूनही पदावर आणि दरबारात राहतो. तो परदेशी होता हे खरे, पण अधिकार असला की आजारही सोसला जातो, असा संशय या कथेतून येतो. याच कथेत गेहजी या सेवकाला लोभाची शिक्षा म्हणून तो रोग जडतो, आणि रोग म्हणजे पापाचे फळ या समजुतीला आधार मिळतो. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाविषयी शिष्य हेच विचारतात, तेव्हा येशू पापाचा संबंध स्पष्ट नाकारतो. गेहजीची कथा सांगणाऱ्याने हा अध्याय सोबत वाचला पाहिजे.

कुष्ठरोगाचा जीवाणू १८७३ मध्ये नॉर्वेचे हॅन्सन यांनी शोधला, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची, म्हणजे अनेक औषधे एकत्र देण्याच्या पद्धतीची, शिफारस केली आणि पुढे रोग सहा ते बारा महिन्यांत बरा होऊ लागला. तरीही रुग्णांना वेगळे ठेवण्याची मुभा देणारा भारतातील १८९८ चा कायदा २०१६ पर्यंत रद्द झाला नव्हता. भारतीय ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात तर कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २००१ च्या दुरुस्तीने, म्हणजे रोग बरा होऊ लागल्यानंतर, आले, आणि सुखदुःखात व आजारपणात साथ देण्याची शपथ वेदीसमोर घेतलेल्या जोडप्यांसाठी ते २०१९ पर्यंत कायद्यात राहिले.