नागिणीचे औषध बशीत कसे पारखतात?

दिग्रसकडच्या खेड्यांत नागीण उठली की आधी मंत्र आणि गेरूचा लेप, दवाखाना मागाहून. तोंड-शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही भीती तर घरोघरी. खरे पाहता नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून बसतो आणि वय झाले, शरीर खचले, की त्याच तंतूच्या वाटेने कातडीवर येतो. तंतू अंगाच्या एकाच बाजूला पसरतो, म्हणून फोडांचा पट्टा बहुधा मध्यावरच थांबतो. विळख्याची भीती सोडा.

हा विषाणू हर्पिस कुळातला. जिवंत पेशीबाहेर तो वाढत नाही, म्हणून प्रयोगशाळेत बशीत पेशींचा पातळ थर वाढवतात. (पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात १९६७ साली डासाच्या पेशी अशाच वाढवल्या, त्या पुढे जगभर गेल्या.) थरावर विषाणू सोडला की अळीने पान खावे तशी भोके पडतात. मग एक बशी औषधाविना ठेवायची, बाकीच्यांत चढती मात्रा घालायची. भोके निम्म्यावर आणायला ज्याची मात्रा कमी लागते, ते औषध जोरकस. आपण बिनफवारणीचा वाफा राखून औषधे तोलतो, त्यातलाच प्रकार. मात्र निरोगी पेशींचे काय झाले हेही पाहावे लागते. तणाबरोबर पराटीही जळाली तर उपयोग काय?

जुने आयडॉक्सयुरिडीन निरोगी पेशींनाही बाधे, म्हणून ते मुख्यतः डोळ्यांच्या थेंबांसारख्या बाहेरून लावण्याच्या उपचारापुरते राहिले. १९७७ च्या सुमारास पुढे आलेल्या असायक्लोव्हिरची तऱ्हा निराळी. विषाणूचे स्वतःचेच विकर त्याला जागे करते, त्यामुळे ते मुख्यतः बाधित पेशीतच काम करते आणि विषाणूची नक्कल काढणे थांबवते. या कामातील अग्रणी गरट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

बशीत आणखी एक दिसले. ओठावरच्या हर्पिसपेक्षा नागिणीच्या विषाणूला हे औषध जास्त लागते. म्हणूनच तिकडे २०० मिलिग्रॅमची गोळी, तर नागिणीला ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. वेचणीच्या दिवसांत पाच वेळा कोण आठवणीने घेणार? व्हॅलासायक्लोव्हिर पोटातून अधिक शोषले जाऊन असायक्लोव्हिरच बनते, म्हणून ते तीन वेळा पुरते. फॅमसायक्लोव्हिरचे औषध बशीत थोडे मवाळ, पण बाधित पेशीत जास्त वेळ टिकते.

यातले कोणतेही औषध तंतूत दडलेला विषाणू मारत नाही, वाढणारा रोखते. म्हणून फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर उत्तम. दुकानातून नुसती मलमाची ट्यूब आणून नागिणीवर भागत नाही. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर डोळ्याला धोका आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मात्रा कमी करावी लागते. आणि फोड सुकेपर्यंत ते झाकून ठेवा. कांजिण्या न झालेली लेकरे व गरोदर बाया यांना त्या पाण्यापासून कांजिण्या होऊ शकतात.