चिल्लर पार्टी : भिडूसाठी उभी राहिलेली मुलं

‘चिल्लर पार्टी’ हा विकास बहल आणि नितेश तिवारी यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी बालचित्रपट ८ जुलै २०११ रोजी प्रदर्शित झाला. त्याची कथा मुंबईच्या चंदन नगर वसाहतीत घडते. गाड्या धुणारा अनाथ फटका आणि त्याचा भटका कुत्रा भिडू तिथे राहायला येतात. वसाहतीतली मुलं आधी दोघांना हुसकावू पाहतात. ओळख वाढल्यावर मात्र जिवाभावाचे दोस्त होतात. पुढे एका मंत्र्याच्या रागामुळे भिडूला पकडून नेण्याची वेळ येते. मग मुलं घरोघरी सह्या मागतात, चड्डी मोर्चा काढतात आणि दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत थेट मंत्र्यासमोर उभी राहतात.

फटक्याला घर नाही, भिडूला मालक नाही. त्यामुळे कुत्र्याचा प्रश्न मुलांसाठी दुबळ्याच्या बाजूने बोलण्याचा प्रश्न होतो. ५९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला. पटकथेला आणि बालकलाकारांनाही पुरस्कार मिळाले.

भिडूला वाचवण्याच्या मुलांच्या आग्रहाला कायद्याचाही आधार आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला मारहाण करणं किंवा विनाकारण यातना देणं हा गुन्हा आहे. चित्रपट आला तेव्हा लागू असलेल्या २००१च्या नियमांत भटक्या कुत्र्यांची नसबंदी व रेबीजविरोधी लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडण्याची तरतूद होती. दया आणि सार्वजनिक आरोग्य यांची सांगड घालणारा हाच मार्ग आहे.