चुंबकीय वादळं आणि ठाणे-डोंबिवलीवरचं आभाळ

२ सप्टेंबर १८५९. ठाण्याला आगगाडी येऊन सहा वर्षं झाली होती, कल्याणला पाच. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत क्षितिजसमांतर चुंबकीय बल एकाएकी सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळलं. इंग्लंडात क्यू वेधशाळेच्या यंत्रातला प्रकाशाचा ठिपका छायाचित्रण-कागदाबाहेर निघून गेला. मुंबईत मात्र माणसं डोळ्यांनी आकडे वाचून वहीत उतरवत होती, म्हणून नोंद शाबूत राहिली. २००३ साली त्सुरुतानी, लाखिना आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी याच वहीवरून सूर्यामुळे आलेल्या त्या चुंबकीय वादळाची तीव्रता काढली.

४ फेब्रुवारी १८७२च्या वादळात तर मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची बातमी छापून आली होती.

पुढे अडचण आली ती शहराचीच. विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार म्हटल्यावर वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय निरीक्षणं १९०४ मध्ये अलिबागला नेली. निर्णय दूरदृष्टीचाच. १९२५ला विजेची लोकल आली, १९२९ला ठाकुर्लीचं वीजघर. ठाणे-कल्याण पट्ट्यात चुंबक ठेवला असता तर सूर्याऐवजी लोकलच मोजत बसावं लागलं असतं!

वर आकाशात काय चालतं? चुंबकीय विषुववृत्त तिरुनेलवेलीच्या आसपासून जातं. दिवसा तिथलं विद्युत क्षेत्र आयनीभूत वायू वर उचलतं आणि कारंज्याच्या धारेसारखा तो चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना उतरतो. उत्तरेकडचा दाट पट्टा साधारण अहमदाबाद-भोपाळच्या माथ्यावर. ठाणे-डोंबिवली त्याच्या उतारावर. वादळाच्या सुरुवातीला ध्रुवाकडचं विद्युत क्षेत्र काही मिनिटांत विषुववृत्तापर्यंत पोचतं. ते दिवसा पोचलं, तर उचल वाढते आणि पट्टा आणखी उत्तरेला सरकतो. काही तासांनी ध्रुवीय भागातल्या तापलेल्या हवेचे वारे उलटं क्षेत्र तयार करतात आणि उचल मंदावते. एकाच वादळात आधी भरती, मग ओहोटी. उपग्रहाचा संदेश या आयनीभूत वायूच्या थरातून येताना रेंगाळतो, त्यामुळे जीपीएसने दाखवलेली जागा चुकू शकते.

मार्च २०१५ आणि मे २०२४ची वादळं अभ्यासायला उपग्रह आणि जीपीएस केंद्रांचं जाळं हाताशी होतं. मे २०२४मध्ये लडाखच्या हानलेहून आभाळ तांबडं दिसलं. तरी जोरात ते वादळ १८५९च्या वादळाहून उणंच. योगायोग असा, की आपलं आदित्य-एल१ २ सप्टेंबरलाच, २०२३ साली, सूर्याच्या दिशेने निघालं. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर त्याला वादळाची चाहूल लागली, तर आपल्या हातात जेमतेम अर्धा-पाऊण तास उरतो.