जिवाणू मधोमध कसा दुभंगतो?

धानाचा एक दाणा डोळ्यांसमोर आणा. लांबी साधारण ८ मिलिमीटर. त्यात सहा मीटरहून लांब दोरा गुंता न होऊ देता भरा, असे कोणी सांगितले तर? आपल्या आतड्यांत राहणारा ई. कोलाय हा जिवाणू असेच काम करीत असतो. त्याची लांबी सुमारे २ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट. त्याच्या एकुलत्या एका गुणसूत्राच्या शिडीला ४६ लाख पायऱ्या असतात आणि दोन पायऱ्यांमध्ये ०.३४ नॅनोमीटर अंतर असते. गुणाकार करून पाहा. उत्तर येते सुमारे १.६ मिलिमीटर, म्हणजे पेशीच्या ८०० पट!

दोरीला पीळ देत राहिले की ती आपोआप वेटोळी होते. हे गुणसूत्रही तसेच पिळलेले असते आणि काही प्रथिने त्याला जागोजाग वाकवून धरतात.

विभाजनापूर्वी गुणसूत्राची प्रत तयार व्हावी लागते. त्याला सुमारे ४० मिनिटे लागतात. पण भरपूर अन्न मिळाले तर जिवाणूंची संख्या २० मिनिटांत दुप्पट होते. हे कसे? कूपर व हेल्मस्टेटर यांनी १९६८ मध्ये हे कोडे सोडविले. पहिली प्रत पुरी होण्यापूर्वीच पुढच्या प्रतीचे काम सुरू झालेले असते.

पेशी दुभंगते ती एफटीएसझेड या प्रथिनाच्या कड्याच्या जागी. हे कडे १९९१ मध्ये दिसून आले. ते मध्यभागीच का बनते? मिन नावाची प्रथिने सुमारे मिनिटाभरात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन परत येतात आणि जेथे असतील तेथे कडे बनू देत नाहीत. लंबक आठवा. तो टोकांशी रेंगाळतो, मधून झपाट्याने जातो. मिन प्रथिनांचा मुक्कामही मध्यभागी सर्वांत कमी असतो. शिवाय गुणसूत्राला चिकटलेले आणखी एक प्रथिन गुणसूत्रावर कडे पडू देत नाही. दोन्ही गुणसूत्रे बाजूला सरली की मधली जागा मोकळी होते.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. दुलाल पांडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हळदीतील कुर्कुमिन बॅसिलस सबटिलिस या जिवाणूवर वापरून पाहिले. गुणसूत्रांची वाटणी नीट होत राहिली, पण कडे बनेना. परिणामी जिवाणू न दुभंगता लांबच लांब वाढले. वाटणी व विभाजन ही कामे वेगवेगळ्या यंत्रणा करतात, हे यावरून ध्यानात येते.

जुन्या प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू वाढत असताना कडे मोडणारे औषध मोलाचे ठरेल. मात्र आपल्या पेशींतील ट्युब्युलिन हे एफटीएसझेडच्याच घराण्यातील प्रथिन आहे. त्याला धक्का न लावणारे औषध शोधणे, ही खरी कसोटी आहे. आणि हळद खाऊन हे काम साधणार नाही, कारण पोटात गेलेल्या कुर्कुमिनपैकी फारच थोडे रक्तात पोचते.