सगळे इलेक्ट्रॉन गेटपर्यंत पोचत नाहीत!

आकुर्डी-भोसरीच्या पट्ट्यात राहत असाल, तर ‘आर्गन वेल्डिंग’ हा शब्द तुम्हाला नवा नाही. तापलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून सिलिंडरमधून आर्गन सोडतात. हा वायू सहसा कोणाशी संयोग करत नाही. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच मुळी ‘आळशी’!

हाच आळशी वायू उणे १८६ अंशांपर्यंत थंड केला की द्रव होतो आणि मग न्यूट्रिनो पकडायच्या कामाला येतो. अमेरिकेतल्या ‘ड्यून’ प्रयोगासाठी जमिनीखाली दीड किलोमीटरवर द्रव आर्गनच्या टाक्या बसवायच्या आहेत. एकेका टाकीत सुमारे १७ हजार टन आर्गन!

न्यूट्रिनो आर्गनच्या अणूवर आदळला की विद्युतभारित कण उडतात. हे कण जाता जाता वाटेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करतात. म्युऑनसारखा वेगवान कण एका सेंटिमीटरमध्ये जवळपास ९० हजार इलेक्ट्रॉन मोकळे करतो. मागे उरतात धनभारित आयन. विद्युतक्षेत्र लावून इलेक्ट्रॉन एका बाजूला ओढायचे, मोजायचे आणि त्यावरून ऊर्जा काढायची. सोपं वाटतं ना?

पण आता आकुर्डी स्टेशन आठवा. लोकल थांबली, माणसं उतरली. काहींना प्लॅटफॉर्मवरच ओळखीचं कोणी भेटतं आणि ते तिथेच रमतात. गेटवर मोजणाऱ्याला ते दिसतच नाहीत. इलेक्ट्रॉनचंही तसंच. काहींना आयन भेटतो आणि ते पुन्हा त्याला चिकटतात. याला म्हणतात पुनर्संयोग. सेंटिमीटरला ५०० व्होल्टचं क्षेत्र लावलं तरी म्युऑनच्या वाटेवरचे साधारण ३० टक्के इलेक्ट्रॉन असे गळतात. थांबत आलेल्या प्रोटॉनच्या वाटेवर तर इलेक्ट्रॉन-आयनांची दाटी असते. तिथे गळती आणखी वाढते. म्हणजे मोजणी कमी भरली, याचा अर्थ ऊर्जा कमी होती असा होत नाही.

गंमत म्हणजे हे इलेक्ट्रॉन वाया जात नाहीत. पुनर्संयोगातून अतिनील प्रकाश बाहेर पडतो. विद्युतभार घटला की प्रकाश वाढतो. दोन्ही मोजले की हिशेब जुळायला मदत होते. शिवाय इथल्या कंपन्यांत मायक्रोमीटर कॅलिब्रेट करतात, तसंच शास्त्रज्ञही करतात. युरोपातल्या ‘सर्न’मध्ये ऊर्जा आधीच माहीत असलेले कण नमुना-टाकीत सोडून त्यांनी टाकीचा प्रतिसाद तपासलाय.

एवढा आटापिटा कशासाठी? न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांच्या वागण्यात फरक आहे का, हे ड्यूनला शोधायचंय. विश्वात प्रतिद्रव्य जवळजवळ दिसत नाही, पण द्रव्य उरलं. ते का, याचा धागा कदाचित तिथे सापडेल. मात्र ऊर्जा चुकीची मोजली, तर उत्तरही चुकणार.

या कामात आपलीही माणसं आहेत बरं का! न्यूट्रिनो संशोधनासाठी भारत आणि अमेरिकेत एप्रिल २०१८मध्ये करार झाला. ड्यूनला न्यूट्रिनो पुरवणाऱ्या ‘फर्मिलॅब’च्या नव्या प्रवेगकासाठी ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने चुंबक बनवून दिलेत. तेव्हा फिजिक्स, इलेक्ट्रॉनिक्स किंवा क्रायोजेनिक्स शिकत असाल, तर ही दिशाही ध्यानात असू द्या. गेटवर किती पोचले हे कोणीही मोजेल. वाटेत किती थांबले, हे सांगणारी डोकी इथे हवी आहेत.