पाण्याच्या हिशेबाने परसबाग

मोरीचे सांडपाणी जेथे उतरते तेथे अळू, केळ आणि कर्दळ लावण्याची रीत महाराष्ट्रातील घरांत फार जुनी आहे. पाणी जेथे आहे तेथे पीक न्यावे, पिकामागे पाणी वाहत फिरू नये, हे शहाणपण त्या रीतीत आहे. परसबागेची आखणी करताना मात्र पुष्कळदा त्याचा विसर पडतो. जागा मोकळी दिसली की वाफे पाडले जातात. बाग पावसाळ्यात बहरते, हिवाळ्यात भाजी देते आणि चैत्र-वैशाखात, म्हणजे बाजारात पालेभाजी महाग होते नेमक्या त्याच वेळी, वाळून जाते. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला अशा अवर्षणप्रवण तालुक्यांत हा अनुभव नित्याचा आहे. यात दोष केवळ निसर्गाचा नसतो. बऱ्याच अंशी तो आखणीचाही असतो.

आठ हंड्यांचा प्रश्न

एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात भाजीपाल्यास दररोज साधारणतः ६ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर २० चौरस मीटरच्या, म्हणजे गुंठ्याच्या पाचव्या हिश्शाएवढ्या बागेस रोज १२० लिटर पाणी हवे. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजले तर हे आठ हंडे होतात. मोकळ्या पाटाने पाणी सोडल्यास याहूनही अधिक लागते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण ठरविले. त्यानुसार पाच माणसांच्या कुटुंबाच्या वाट्यास २७५ लिटर पाणी येते. त्यातील जवळजवळ निम्मे पाणी बागेस देणे कोणत्याही कुटुंबास परवडणारे नाही. शिवाय टंचाईच्या गावी हे आठ हंडे बहुधा घरातील स्त्रीच्या किंवा मुलीच्या डोक्यावरून येतात. म्हणून बागेची फेरआखणी हा त्यांच्या श्रमांचाही प्रश्न आहे.

ऋतूप्रमाणे क्षेत्र

पहिला बदल क्षेत्राचा. खरिपात संपूर्ण बाग पिकाखाली असावी. भेंडी, गवार, दोडका, कारले ही पिके बहुतांशी पावसावर येतात. हिवाळ्यात पाण्याची गरज उन्हाळ्याच्या सुमारे निम्मी असते. तेव्हा मेथी, पालक, मुळा, वांगी यांसाठी अर्धे क्षेत्र राखावे. उन्हाळ्यात पाच-सहा चौरस मीटरच भाजीखाली ठेवून उरलेली जमीन पालापाचोळ्याने झाकून विश्रांतीस सोडावी. या लहान तुकड्यास तांदुळजा, चवळी, गवार अशी ऊन सोसणारी पिके योग्य ठरतात. पश्चिमेच्या बाजूस शेवगा किंवा हादगा असल्यास दुपारनंतरचे तीव्र ऊन अडते. शेवगा एकदा रुजला की थोड्या पाण्यावर तग धरतो आणि त्याचा पाला स्वतःच एक पौष्टिक भाजी आहे.

पाण्याच्या तीन जाती

दुसरा बदल पाण्याच्या वाटणीचा. आंघोळीस माणशी एक बादली धरली तरी पाच जणांचे रोजचे ७५ लिटर पाणी मोरीतून बाहेर पडते. साबणाचे हे पाणी केळी, अळू, पपई यांच्या आळ्यांत फिरवून सोडावे. ते एकाच ठिकाणी साचू देऊ नये. साचल्यास डासांची पैदास होते व माती खारावते. कच्च्या खाण्याच्या भाज्यांस ते मुळीच देऊ नये. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी साबणविरहित असते. ते पालेभाजीच्या वाफ्यास चालते. हंड्याचे स्वच्छ पाणी उरलेल्या गरजेपुरतेच खर्चावे. शौचालयाचे पाणी कोणत्याही कारणाने बागेकडे वळवू नये.

जमिनीत मुरलेले पाणी टिकवणे

उथळ, मुरमाड जमिनीत वाफा सभोवारच्या जमिनीपेक्षा चार-पाच बोटे खोल ठेवावा, म्हणजे पाणी बाहेर वाहत नाही. काळ्या भारी जमिनीत मात्र पावसाळ्यात अशा वाफ्यात पाणी तुंबून मुळे कुजतात; तेथे वरंब्यावर लागवड करावी. दोन्ही जमिनींत शेणखताने ओल धरण्याची शक्ती वाढते. वाफ्यावर वाळलेले गवत, पाचट किंवा पालापाचोळा यांचे चार बोटे जाड आच्छादन घातल्यास बाष्पीभवन कमी होते. पाणी पहाटे किंवा सायंकाळी द्यावे, आणि तेही दोन बोटे माती उकरून आत कोरडी लागली तरच.

वेलभाज्यांसाठी मडक्याची जुनी पद्धत उपयुक्त आहे. बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरून भरावे व तोंडावर झाकण ठेवावे. भोवतालची माती जसजशी कोरडी होते तसतसे पाणी छिद्रांतून पाझरून थेट मुळांशी जाते. एका मडक्याभोवती दुधी किंवा काकडीचे तीन-चार वेल पोसले जातात. ज्या मडक्यात पाणी गार होत नाही त्याची छिद्रे बुजलेली असतात. ते येथे निरुपयोगी होय.

शाळा आणि ग्रामपंचायत

केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. शाळांपुढील मुख्य अडचण मे महिन्याच्या सुट्टीची आहे. हंगामी भाज्यांची काढणी एप्रिलमध्येच आटोपेल असे वेळापत्रक ठेवून सुट्टीसाठी शेवगा, कढीपत्ता यांसारखी काटक झाडेच राखावीत. मुलांच्या हात धुण्याच्या जागेचे पाणी केळीकडे वळविणे अल्प खर्चात साधते. ग्रामपंचायतीसही सार्वजनिक नळाखाली वाया जाणाऱ्या पाण्यासाठी हाच मार्ग खुला आहे.

वरील हिशेबाने उन्हाळ्यातील पाच चौरस मीटरच्या तुकड्यास रोज ३० लिटर, म्हणजे दोन हंडे पाणी पुरते. आच्छादन आणि धुवणाचे पाणी यांमुळे त्यातही बचत होते. आठ हंड्यांची बाग वैशाखात वाळते, दोन हंड्यांची टिकते. ती लहान असेल. परंतु टंचाईच्या दिवसांत घरच्या ताटात हिरवी भाजी पडेल, हे तिचे मोल कमी नाही.