१७८० पाहून भुलू नका

बोहेमियातल्या योआखिमस्थाल या खाणगावात १५२०च्या सुमारास चांदीची मोठी, जाड नाणी पाडली जाऊ लागली. गावाच्या नावावरून ती ‘थालर’ झाली. ‘डॉलर’ हा त्याच शब्दाचा वंशज. नवख्या संग्राहकाला चकवतो तो मात्र मारिया थेरेसाचा थालर. सम्राज्ञी १७८०मध्ये वारली, पण तांबड्या समुद्राकाठच्या व्यापाऱ्यांना नाण्यावर तिचाच चेहरा हवा होता. म्हणून तेच साल कायम ठेवून नाणी पाडणे पुढे दीडशेहून अधिक वर्षे चालूच राहिले. दुसऱ्या महायुद्धात तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही! वजन सुमारे २८ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी पाच-षष्ठांश. तेव्हा निव्वळ सालावर जास्त पैसे मोजू नका. आधी जाणकाराला दाखवा. आणि नाणे घासूनपुसून चकचकीत तर मुळीच करू नका, किंमत उतरते.